चारचौघींत नको

ऑक्टोबर आला की मोठ्या शहरांतल्या इस्पितळांच्या दारात गुलाबी फुग्यांच्या कमानी उभ्या राहतात. सकाळी वॉकेथॉन, दुपारी तज्ज्ञांचं व्याख्यान, संध्याकाळी ‘कॅन्सरवर मात केलेल्या रणरागिणींचा’ शाल-श्रीफळ देऊन सत्कार. स्तनाच्या कॅन्सरविषयी जागृतीची ही प्रथा 1985 साली अमेरिकेत सुरू झाली, 1992पासून तिला गुलाबी फीत चिकटली, आणि आता ती आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या हंगामाचा भाग झाली आहे. त्यात वावगं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येणारा त्या सत्काराचा फोटो एकदा नीट पाहावा. पुढच्या रांगेत चाळिशी-पन्नाशीच्या बायका असतात. पासष्टी-सत्तरीची एखादीच, तीही कडेला, मुलीचा हात धरून, कॅमेऱ्याकडे न बघणारी.

आधारगटांमध्येही असंच दिसतं. महिन्यातून एकदा इस्पितळातली एक खोली रिकामी करून घ्यायची, खुर्च्या गोलात मांडायच्या, एक समुपदेशक मध्ये बसणार, आणि आजारातून उठलेल्या बायकांनी एकमेकींशी बोलायचं, असा साधारण बेत असतो. मुंबई-पुण्यात असे गट बरेच आहेत, नाशिक-नागपुरातही आहेत. चालवणारी मंडळी तळमळीची असतात. पण वयस्क बायका एकदा येतात, चहा-बिस्किट घेतात, सगळ्यांचं ऐकून घेतात, आणि पुन्हा फिरकत नाहीत. “आम्ही फोन करतो, त्या गोड बोलतात, ‘बघते हं’ म्हणतात. ते ‘बघते’ म्हणजे ‘नाही’, हे कळायला मला दोन वर्षं लागली,” असं एका गटाचं काम पाहणाऱ्या ताईंनी सांगितलं.

हे ‘नाही’ नेमकं कशाला आहे, हा या लेखाचा विषय.

आधी आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या 2022च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि 98 हजारांहून अधिक दगावल्या. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. त्यामुळे बोलणं, लिहिणं, मोहिमा सगळं तरुण बाईभोवती फिरतं: लहान मुलं, नोकरी, गेलेले केस, नवऱ्याशी नातं. ते समजण्यासारखं आहे. पण पंचावन्नाव्या वर्षी ऑपरेशन होऊन निभावलेली बाई आज सत्तरीची झाली आहे. पाळी गेल्यानंतर आजार झालेल्यांना बऱ्याचदा लेट्रोझोलसारखी गोळी पाच-पाच वर्षं घ्यावी लागते. तिने सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या तर त्या बाजूचा हात सुजतो, बांगडी चढत नाही. तिचा आजार ‘संपलेला’ असला तरी त्याचं उरलंसुरलं रोज सकाळी गुडघ्यांत आणि मनगटात भेटतं. मग ती त्या खोलीत का जात नाही?

कोथरूडच्या एक काकू आहेत, निवृत्त शिक्षिका, वय 74. ऑपरेशनला बारा वर्षं झाली. त्यांना मी हाच प्रश्न विचारला. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबला नाही.

“झालं ते झालं. दर महिन्याला चारचौघींत बसून तेच काय उगाळायचं? उगाळायला ते काय चंदन आहे?”

मी म्हटलं, बोलल्याने मन हलकं होतं म्हणतात.

“होत असेल. माझं मन हलकं करायला मी आणखी दहा जणींची मनं का जड करू? शिवाय तिथे ती मुलगी विचारते, ‘काकू, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?’ अगं, आत्ता मला वाटतंय की साडेपाचची बस चुकणार.”

ही केवळ हजरजबाबी बाईची गंमत नाही. काकूंचा नवरा 2001 साली गेला, त्याआधी थोरला मुलगा अपघातात गेला होता. कॅन्सर त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना नाही. तिसरी, फार तर. आधारगट मात्र तिला पहिली मानून चालतो. या आजारात तरुण रुग्णांना मानसिक ताण जास्त होतो आणि वयस्कांना तुलनेने कमी, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याचं एक कारण काकूंच्या स्वयंपाकघरात बसल्या बसल्या कळतं. मोठ्या माणसांनी आधी बरंच काही पचवलेलं असतं, आणि ते कुणा समुपदेशकाच्या मदतीने पचवलेलं नसतं.

मग बोललंच पाहिजे, हा आग्रह आला कुठून? त्याचं मूळ बऱ्याच अंशी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे. 1970च्या दशकात अर्विन यालोम आणि डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञांनी, आजार शरीरात पसरलेल्या स्त्रियांचे साप्ताहिक गट चालवले. मरणाविषयी, भीतीविषयी, घरच्यांविषयी मोकळेपणी बोलायचं, हे त्या गटांचं सूत्र. 1989 साली स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. 86 स्त्रियांपैकी ज्या गटात होत्या त्या सरासरी 36.6 महिने जगल्या, ज्या नव्हत्या त्या 18.9 महिने. म्हणजे जवळपास दुप्पट. जगभर खळबळ उडाली. बोलल्याने माणूस जास्त जगतो, असं शास्त्रच म्हणतंय, अशी समजूत झाली आणि ती फिरत फिरत आपल्याकडेही आली. ‘मन मोकळं करा, सकारात्मक राहा, आजार पळून जाईल’ हे वाक्य आज गावोगावचा डॉक्टर सहज म्हणतो.

या समजुतीचा दुसरा अर्थ कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण बायकांना तो बरोबर ऐकू येतो: जी बोलत नाही, ती स्वतःचं नुकसान करून घेते. आजार उलटला तर तिचंच काहीतरी चुकलं.

पुढे काय झालं ते मात्र इतकं गाजलं नाही. कॅनडात पामेला गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसाच प्रयोग 235 स्त्रियांवर केला आणि 2001 साली निकाल दिला. गटाने आयुष्य वाढत नाही. दोन्हीकडच्या स्त्रिया सारख्याच जगल्या, साधारण पावणेअठरा महिने. खुद्द स्पीगल यांनी नव्याने 125 स्त्रियांचा अभ्यास केला. 2007 साली छापलेल्या त्या अभ्यासातही एकूणात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासून उलट निकाल छापायला प्रामाणिकपणा लागतो. तो त्यांनी दाखवला, हे नोंदवायला हवं.

गुडविन यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या मते तीच जास्त कामाची आहे. गटामुळे मनाला बरं वाटलं आणि वेदना कमी जाणवल्या, पण ज्या मुळातच जास्त खचलेल्या होत्या त्यांनाच. ज्या तशा सावरलेल्या होत्या त्यांना फरक पडला नाही. पिट्सबर्गच्या व्हिकी हेल्गेसन आणि शेल्डन कोहेन यांनी याच सुमारास, आजार लवकर सापडलेल्या 312 स्त्रियांचे वेगवेगळे गट केले. काहींना फक्त माहिती दिली: आजार, औषधं, आहार, व्यायाम. काहींना फक्त एकमेकींशी बोलायला बसवलं. काहींना दोन्ही. काहींना काहीच नाही. माहितीच्या गटाचा फायदा झाला. नुसत्या बोलण्याच्या गटाचा तसा झाला नाही. ज्यांना घरात नवऱ्याचा आधार नव्हता त्यांना बोलून बरं वाटलं, पण ज्यांच्या घरी चांगला आधार होता त्यांना ते बोलणं उलट बाधलं. म्हणजे घरी नीट असलेली बाई गटात जाऊन थोडी बिघडून परत आली!

हे अभ्यास अमेरिका-कॅनडातले, आणि खास म्हाताऱ्या बायकांचे नव्हेत. ते जसेच्या तसे सदाशिव पेठेला लावता येणार नाहीत. पण काकूंचं ‘चंदन’ आणि पिट्सबर्गचा निष्कर्ष एकमेकांपासून फार लांब नाहीत, एवढं नक्की.

*

‘वयस्क मराठी बायकांना गटच नको असतो’ असं म्हणणाऱ्याने एकदा कुठल्याही सोसायटीतली दुपार पाहावी. भिशी, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळचा हास्यक्लब. हास्यक्लब ही तर मुंबईचीच उपज, 1995 साली डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत सुरू केलेली. आज तिथे सत्तरीच्या बायका हात वर करून हसतात, आणि त्यातल्या काही जणींच्या ब्लाउजच्या एका बाजूला काय आहे हे शेजारी उभ्या असलेलीला ठाऊक नसतं. ते ठाऊक नसणं, हेच त्यांना तिथे आवडतं.

आजाराच्या नावाने जमलेले गटही आपल्याकडे चालतात, नाही असं नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 1986 पासून गटात बसून बोलण्याची रीत मराठी घरांत रुजवली. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. हे सगळं उभं करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट स्वतः कॅन्सरशी झगडत काम करत राहिल्या आणि 1997 साली गेल्या. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. त्याचे बहुतेक सभासद साठीच्या पुढचे. ते सहलीला जातात, नृत्याच्या वर्गाला जातात, 11 एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिनाचा मेळावा भरवतात. हात थरथरणारे सत्तरीचे गृहस्थ तिथे व्यासपीठावर येऊन स्वतःची फिरकी घेतात.

मग स्तनाच्या कॅन्सरलाच काय झालं? मला तीन फरक दिसतात. पार्किन्सन्स मित्रमंडळात नवरा-बायको जोडीने येतात, आधारगटात बाई एकटी येते. दुसरं, पार्किन्सन्स झाकता येत नाही, मग झाकायचं तरी काय? स्तनाचा कॅन्सर पदराखाली झाकता येतो आणि आयुष्यभर पदर सावरण्यात गेलेल्या पिढीला झाकणं हेच शहाणपण वाटतं. तिसरा फरक अवघड आहे. आधारगटात एक खुर्ची कधीकधी रिकामी असते. मागच्या महिन्यात शेजारी बसून लोणच्याची कृती सांगणारी बाई या महिन्यात का नाही, हे कुणी विचारत नाही आणि सगळ्यांना कळतं. तरुण बायका त्यावर बोलतात, रडतात, पुढे जातात. वयस्क बाई घरी येऊन दिवसभर गप्प असते आणि पुढच्या महिन्याला ‘गुडघे दुखतायत’ म्हणते. गुडघे दुखत असतातच.

पदराचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा. 21 फेब्रुवारी 1991 रोजी नूतन गेल्या, अवघ्या 54व्या वर्षी, याच आजाराने. एवढी मोठी नटी, पण आपल्या आजारपणाविषयी चारचौघांत बोलायची तेव्हा रीतच नव्हती. 2019 साली लेखिका ताहिरा कश्यप यांनी ऑपरेशनचा वण दाखवणारा फोटो स्वतः लोकांपुढे ठेवला. या दोन टोकांमध्ये अठ्ठावीस वर्षं आहेत. आज सत्तरीत असलेली बाई नूतनच्या काळात बायको, आई, सून म्हणून घडलेली आहे. तिने हा आजार सासरच्यांपासून लपवला, कारण मुलींची लग्नं व्हायची होती. आता नातीची स्थळं बघतायत, म्हणून पुन्हा गप्प. या आजारातल्या शंभरापैकी जेमतेम पाच ते दहा रुग्णांमध्येच तो थेट आनुवंशिक असतो, हे तिला सांगितलं तरी ती म्हणते, “ते तुला माहीत आहे, मुलाकडच्यांना माहीत आहे का?” याला उत्तर नाही. आणि इस्पितळातला आधारगट म्हणजे ओळखीचं कुणीतरी भेटण्याची हमखास जागा.

आणखी एक तक्रार मी बऱ्याच जणींकडून ऐकली आणि ती मला फार खरी वाटली. गटात गेलं की त्यांना लगेच आजी करून टाकतात. “तुमचं बघून आम्हाला बळ येतं” असं तरुण मुली म्हणतात. मग या बाईने बळ द्यायचं. तिच्या हाताची सूज, रात्री न लागणारी झोप, गोळी बंद केली तर चालेल का ही शंका, हे सगळं पर्समध्येच राहतं. डोंबिवलीच्या एका आजींनी हे हसत हसत सांगितलं: “घरात सगळ्यांची समजूत काढायची, तिथे जाऊन पण समजूतच काढायची. मग घरीच बरी की! रिक्षाचे पैसे तरी वाचतात.”

*

स्तनाच्या कॅन्सरमधल्या मदतीची सुरुवात गोलात मांडलेल्या खुर्च्यांनी झालीच नव्हती, हे फार जणांना माहीत नसतं. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर नावाच्या बाईंचं स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी स्नायूंसकट सगळं कापून काढत. हात वर जाईल का, कपडे कसे घालायचे, याची उत्तरं त्यांना कुणी धड दिली नाहीत. मग बऱ्या झाल्यावर त्या स्वतःच इस्पितळांत जाऊन नव्याने ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागल्या. एका वेळी एक बाई, एक खाट. सोबत एक पिशवी: हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि चेंडू, आणि ब्लाउजमध्ये घालायला एक तात्पुरता कृत्रिम स्तन. अनेक शल्यविशारदांना हे आवडलं नाही. 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपला म्हणून स्वीकारला आणि मग तो देशोदेशी गेला. भावनांवर व्याख्यान नाही. ‘मी यातून गेले आहे, हात असा वर करायचा’ एवढंच.

त्या पिशवीवर टीकाही झाली आणि ती योग्य होती. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांच्या ऑपरेशननंतर अशीच एक स्वयंसेविका लोकर भरलेला फिकट गुलाबी गोळा घेऊन आली. लॉर्ड कृष्णवर्णीय. त्यांनी तो घालायला नकार दिला आणि 1980 साली त्यावर पुस्तकात जळजळीत लिहिलं. मदत करणाऱ्याने समोरची बाई कोण आहे हे आधी बघावं, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे लॅसरबाईंचं काम कोण करतं? नकळत करतात त्या धर्मशाळा. परळचं टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झालं. तेव्हापासून महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि मुंबईत राहायचं कुठे हा पहिला प्रश्न असतो. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा सदनाची इमारत अशा जागांनी तो कितीतरी कुटुंबांपुरता सोडवला. तिथल्या व्हरांड्यात संध्याकाळी वरण-भाताचा वास सुटलेला असताना जे चालतं, त्याला कुणी आधारगट म्हणत नाही.

अशाच एका व्हरांड्यात मी सोलापूरकडच्या एका मावशींना पाहिलं. पासष्टीच्या असतील. तपासणीसाठी आल्या होत्या. त्यांच्यासमोर मराठवाड्यातली एक बाई बसली होती, टाके नुकतेच निघालेले, नजर जमिनीकडे. मावशींनी पिशवीतून जुन्या सुती लुगड्याचा तुकडा काढला, दुहेरी केला, वाटीच्या मापाने गोल बेतला. आत पिंजलेला कापूस दाबून भरला आणि तोंड शिवायच्या आधी मूठभर मोहरी सोडली. “नुस्ता कापूस घातला का ब्लाऊज वर सरकतंय. मोहरीनं वजन येतंय, जागच्या जागी बसतंय. उन्हात वाळवत जा, नायतर भुरा लागंल.” मग ब्लाउजच्या आतल्या बाजूला खिसा कसा लावायचा ते दाखवलं. बाजारात मिळणारी सिलिकॉनची वाटी कितीला पडते, आपल्या उन्हाळ्यात तिच्याखाली घामोळं कसं येतं, तेही सांगून झालं. शेवटी तिला उठवून भिंतीशी उभं केलं. बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर वर चालवायची, जिथे थांबली तिथे पेन्सिलीची खूण करायची, उद्या खुणेच्या वर जायचं. या सगळ्यात ‘तुला कसं वाटतंय’ हा प्रश्न मावशींनी एकदाही विचारला नाही. मराठवाड्याची बाई मात्र तोवर बोलू लागली होती: सासूने ताट वेगळं केलंय, हा रोग लागतो म्हणते.

“लागत नाही,” मावशी म्हणाल्या. “मी बारा वरीस नवऱ्याच्या ताटात जेवते. सासूला माझा फोन लावून दे.”

हे दृश्य गोड करून सांगायचं नाही. धर्मशाळेत उकाडा असतो, पाण्यासाठी भांडणं असतात, चुकीची माहितीही तितक्याच वेगाने फिरते. अमक्या गावचा काढा, तमक्या बाबाचा अंगारा हेही त्याच व्हरांड्यात कळतं. इस्पितळातल्या गटात निदान एक शिकलेलं माणूस चूक दुरुस्त करायला असतं. मावशींच्या हातातलं माप आणि त्या खोलीतली खात्रीची माहिती, दोन्ही एकत्र येण्याची जागा आपल्याकडे अजून फारशी नाही.

बाई बाईच्या दारात गेली की काय होतं, याचा मुंबईतच एक मोठा दाखला आहे. 1998 साली टाटा रुग्णालयाने शहरातल्या झोपडवस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका वस्तीत जाऊन दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत, आजाराची माहिती देत. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांनंतरचा निकाल 2021 साली छापला. आजार लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला होता, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. हा अभ्यास निदानाचा आहे, आधाराचा नाही. पण ज्या बायका ‘लाज वाटते’ म्हणतात असं आपण धरून चालतो, त्याच बायकांनी दारात आलेल्या बाईला अंगाला हात लावू दिला, ही गोष्ट मला आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

आणि गट हवाच असेल, तर काहीतरी करणारा हवा. कॅनडात व्हँकुव्हरला 1996 साली डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या आजारातून उठलेल्या 24 स्त्रियांना लांबलचक ड्रॅगन बोटीत वल्हवायला बसवलं. हाताला जोराचा व्यायाम दिला तर सूज येते, असा तेव्हाचा वैद्यकीय सल्ला होता. तो खोटा ठरवणं हा डॉक्टरांचा हेतू. कुणाच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. पुढे जगभर शेकडो बोटी निघाल्या, आणि त्यांत आधारगटाला कधीच न गेलेल्या साठीच्या बायका बसल्या. बोटीत सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात. समोरासमोर बसून कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. ज्यांना बोलायचं त्या वल्हवता वल्हवता बोलतात. आपल्याकडे बोटी नकोत, भजनी मंडळ आहे. टाळ वाजवायला दोन्ही हात लागतात.

*

आता अवघड भाग. वयस्क बाईचं प्रत्येक ‘नको’ काकूंच्या ‘नको’सारखं नसतं.

काकूंचं ‘नको’ पूर्ण आहे. त्यांना माहिती आहे, पेन्शन आहे, रोज संध्याकाळी कट्ट्यावर भेटणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांना गटात ओढणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं. डोंबिवलीच्या आजींचं ‘नको’ अर्धवट आहे. त्यांना गट नको, पण दोन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत, आणि डॉक्टरांपुढे तीन मिनिटांत ती विचारायचं धाडस होत नाही. तिसरं एक ‘नको’ असतं, ते ऐकायला सगळ्यांत सौम्य आणि सगळ्यांत वाईट. मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहणारी, नवरा नसलेली, ऐकू कमी येणारी बाई म्हणते, “मला काही नको हो, माझं सगळं छान चाललंय.” त्याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो: मला तिथवर नेणार कोण, आणि नेलं तर सून किती वेळ खोळंबेल? घरात आधार नसलेल्या आणि मुळातच खचलेल्या बायकांनाच गटाचा खरा उपयोग होतो, असं ते परदेशी अभ्यास सांगतात. आपल्याकडे नेमकी तीच बाई खोलीपर्यंत पोचत नाही. पोचते ती, जिला गाडीने सोडायला मुलगी आहे.

या तिन्ही ‘नको’ंना एकच नाव देऊन ‘त्या पिढीची मानसिकता’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी ते मानायला तयार नाही. ती पिढी बोलते, भरपूर बोलते. वाळवणं घालताना बोलते, दळणाच्या रांगेत बोलते. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या खोलीत, ‘भावना शेअर करा’ म्हटल्यावर ती गप्प होते, आणि तिचं फारसं चुकत नाही.

गट चालवणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी केल्या तर फरक पडेल. बैठक शनिवारी संध्याकाळी न ठेवता बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी सकाळी, तिथेच, रांगेशेजारी ठेवावी. बाई तपासणीला आलेलीच असते, वेगळा खुलासा घरी द्यावा लागत नाही. सुरुवात माहितीने करावी: गोळी किती वर्षं, हाडांची तपासणी कधी, सुजलेल्या हाताला पट्टी कशी बांधायची, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि कागद कोणते लागतात. हे सावकाश, मोठ्या आवाजात, मराठीत सांगावं. अनुभव सांगण्याची सक्ती नसावी. जिला गटात यायचं नाही तिला तिच्याच वयाची, तिच्याच भागातली एक बाई फोनवर जोडून द्यावी. जिची खुर्ची रिकामी झाली तिचं नाव पुढच्या बैठकीत घ्यावं, झाकून ठेवू नये. आणि रणरागिणी, योद्धा वगैरे शब्द वयस्क बायकांपुरते तरी मागे घ्यावेत. त्यांना लढाईला जायचं नव्हतं, त्यांच्यावर ती आली.

आणि तुमच्या घरात अशी कुणी असेल, आई, सासू, आत्या, वरच्या मजल्यावरच्या मावशी, तर या दिवाळीत तिला आधारगटाला जायचा आग्रह करू नका. पुढच्या तपासणीच्या आधी तिच्याशेजारी बसून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिच्या शब्दांत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊन सोबत जा. इस्पितळात वैद्यकीय समाजसेवकांचा कक्ष असेल तर तिथे विचारा, तिच्या वयाची, यातून गेलेली, फोनवर बोलायला तयार असलेली कुणी आहे का. नंबर मिळाला तर तो मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या हाताशी ठेवा. फोन कधी करायचा, करायचा की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.